हद्दीबाहेरची शाळा

आमच्या भावोजींनी पाहणी केल्याशिवाय आयुष्यात एकही गोष्ट केली नाही. जन्म तेवढा पाहणीवाचून घेतला, आणि त्याचंसुद्धा त्यांना मनातून वाईट वाटत असावं. माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्काला, बघायला आले तेव्हाची गोष्ट. मुलगी दाखवून झाली, फराळपाणी झालं, देण्याघेण्याची बोलणी सुरू होणार तोच हे गृहस्थ तांब्या घेऊन उठले. वडिलांना वाटलं, हात धुवायचे असतील. भावोजी मागच्या दाराशी गेले, तांब्याभर पाणी उंबऱ्याबाहेर ओतलं आणि ते कुठल्या बाजूला वाहतं ते बघत वाकून उभे राहिले. वडिलांनी विचारलं, काय पाहता? "परसाचा उतार बरोबर आहे," भावोजी म्हणाले, "मुलगी पसंत." या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे अक्काला अजून कळलेलं नाही.

भावोजी पोलादपूरला सडकेवर ओव्हरसियर होते. पोलादपुरापासून आंबेनळीचा घाट चढत महाबळेश्वराकडे जी सडक जाते, ती घाटमाथ्यापर्यंत त्यांच्या ताब्यात. घाटाखालच्याच एका वाडीतला जन्म, घरची भातशेती, आणि महाडला राहून केलेलं व्हर्नाक्युलर फायनल. हातात कायम एक काठी. ती आधाराला नव्हती. भिंत, मोरी, कठडा, झाडाचं खोड, जे वाटेत येईल त्यावर ती आपटून आवाज ऐकायचा, ही त्यांची जगाशी ओळख करून घेण्याची पद्धत. महाडला आमच्या घरी आले की आधी ओटी ठोकत, मग मला रामराम करीत. जेवायला पाट मांडला की तो उचलून दाराजवळ नेत आणि उंबऱ्याला लागून बसत. जेवण असं की आपण आमटीत भात कालवतोय तोवर त्यांचा ताकभात संपलेला. आमची मंडळी म्हणायची, भावोजींच्या मागे कोणी लागलंय का? मी म्हणायचो, सरकारी माणूस, घाईत असायचाच. आपल्याला काय ठाऊक!

पण भावोजींचं खरं दैवत म्हणजे हद्द. घाटमाथ्यावर कुलाबा जिल्हा संपतो आणि सातारा सुरू होतो, तिथे एक दगड आहे. त्या दगडाच्या अलीकडची सडक भावोजी तळहातासारखी ठेवायचे. पलीकडे दोन पावलांवर एक खड्डा होता, चांगला रांजण बसेल एवढा. गाडीवान यायचे, हात जोडायचे, साहेब, चार घमेली खडी टाका, बैलांचे पाय मोडतात. भावोजींचं उत्तर ठरलेलं असे, खड्डा साताऱ्याचा आहे. एकदा तर एका चारचाकी गाडीची पुढची चाकं साताऱ्यात रुतली आणि मागची कुलाब्यात राहिली. भावोजींनी अंगरखा काढून स्वतः मागचं चाक रेटलं, घामाघूम झाले, पण गाडीवान पुढच्या चाकाला हात लावा म्हणाला तेव्हा ताठ उभे राहिले. हद्द मोडली की माणूस कुठे जाऊन थांबेल याचा नेम नाही, असं ते मला नेहमी सांगायचे. मी मास्तर माणूस. मुकाट्याने मान हलवायचो.

असा हा माणूस एक दिवस आफ्रिकेला निघाला. झालं काय, यांच्या वरचा इंजिनियर साहेब बदलून नैरोबीकडे रेल्वेच्या कामावर गेला होता. तिथल्या रुळांखालच्या मोऱ्या पाहून त्याला भावोजींच्या मोऱ्यांची आठवण झाली आणि त्याने बोलावणं धाडलं. पगार चांगला, राहायला रेल्वेची चाळ, बायको नेण्याची सोय. भावोजींनी होकार कळवला आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की मुलांच्या शाळेची पाहणी राहिलीच. दोन मुलं, यमू दहाची आणि दत्तू सातचा. आफ्रिकेतल्या शाळेत जाऊन काठी ठोकता येत नाही, तांब्या ओतता येत नाही. भावोजींची झोप उडाली.

आमच्याकडे याला एक सोपा उपाय असतो. घाटातल्या वाड्यांवर शाळा नाही, म्हणून पोर शिकायला महाडला मामाकडे ठेवायचं. आत्याकडे नाही, काकाकडे नाही, मामाकडेच. निम्मं महाड असल्या भाच्यांनी भरलेलं असे. आणि इथे तर मामा खुद्द शाळामास्तर! सगळ्या गणगोतानं आणि गावानं निकाल देऊन टाकला, की नवराबायकोनं परमुलखात जावं आणि मुलं मामाकडे ठेवावीत. आम्हा दोघांना मूलबाळ नव्हतं. खरं सांगायचं तर आम्ही नुसते वाट बघत होतो. मंडळींनी मधली खोली रिकामी करून सारवलीसुद्धा. यमूसाठी खिडकीशी जागा, दत्तूसाठी आढ्याला झोपाळा. मी मुलांच्या पाट्यांना लाल चौकटी मारून आणल्या. भावोजी मात्र काही बोलत ना. "पाहणी होऊ दे," एवढंच.

मग सुरू झाली पाहणी. आधी ते दासगावच्या एका म्हाताऱ्या तांडेलाकडे गेले. तांडेल चाचा जन्मभर जहाजावर, आफ्रिकेचं मोंबासा बंदर दहादा पाहिलेलं. भावोजींनी त्याला दुपारभर विचारलं, शाळा किती, छप्पर कसलं, मास्तर कुठले. चाचानं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, मासली विचारा, नारळ विचारा. शाला काय बंदराला लागत नाय." भावोजींना हे उत्तर पटलं. या माणसाला आपली हद्द ठाऊक आहे, असा शेरा त्यांनी घरी येऊन मारला.

शेवटी माहिती मिळाली ती महाडच्या बाजारपेठेतल्या गुजराती कापडवाल्याकडून. त्याचा भाऊ नैरोबीला दुकान घालून होता. त्याच्या सांगण्यावरून तिथे दोन शाळा होत्या. एक मोठी, मिशनची, दूर डोंगरात, महाबळेश्वरासारखी थंड हवा, इंग्रजी उत्तम, मुलं तिथेच राहायची, नाताळात आणि उन्हाळ्यात घरी यायची. साहेबांनीही तिचीच शिफारस केली होती. दुसरी अगदी रेल्वेच्या चाळीला लागून, पत्र्याची, गुजराती शिकवणारी, एकच मास्तर आणि तोही अधूनमधून दुकानात बसणारा. म्हणजे तिकडची हवी असेल तर डोंगरातली, नको असेल तर महाडची. पत्र्याच्या शाळेचा कुणी विचारच करीना. भावोजी करीत होते, हे कळलं तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो. हे गृहस्थ रोज संध्याकाळी कापडवाल्याच्या गादीवर बसून गुजराती अक्षरं गिरवत होते, आणि एक वार कापड घ्यायचं नाव नाही! अक्का म्हणाली, उद्या मला बेन म्हणायला लागाल.

मग आमच्या शाळेची पाळी. एका सोमवारी भावोजी काठी घेऊन दारात हजर. आमचे हेडमास्तर तापट. त्यांना वाटलं, तपासणीसाहेब आले, म्हणून त्यांनी टोपी सरळ केली. भावोजींनी तुळया ठोकल्या, अंगणाचा उतार पाहिला, उंबऱ्यावर पेलाभर पाणी ओतलं. पाणी झकास बाहेर गेलं. मग वर्गात शिरून त्यांनी मुलांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाढे नाहीत, कविता नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न, शाळा सुटल्यावर कुठे जातोस? घरी कोण असतं? पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली. तीनचार जण म्हणाले, मामाकडे. त्या पोरांपाशी भावोजी जरा जास्त वेळ उभे राहिले. शेवटी हेडमास्तरांनाच विचारलं, "सुटल्यावर मुलं जातात कुठे?" हेडमास्तर भडकले, "घरी! आणखी कुठे जाणार, गडावर?" त्या दिवसापासून हेडमास्तर मला विचारायचे, मास्तर, तुमचे ते पाण्याचे मेहुणे कसे आहेत?

एवढं होऊनही निर्णय होईना. बोट गाठायचे दिवस जवळ येत चालले. तेव्हा आमच्या मंडळींनी सुचवलं, की आठवडाभर मुलांना इथे ठेवून बघा. कळेलच काय ते. भावोजींना हे एकदम मान्य झालं. नवी मोरीसुद्धा ते आठवडाभर गाडी सोडून बघतच असत. मुलं आली आणि अशी रमली की विचारू नका. दत्तू झोपाळ्यावरून उतरायला तयार नाही. यमू मामीच्या हाताखाली घावणे करायला शिकली आणि पहिला जळका घावणा मला वाढला. मी तो मिटक्या मारत खाल्ला. रमले नाहीत ते एकटे भावोजी. ठरल्याप्रमाणे त्यांनी पोलादपुरात राहायचं होतं. पहिल्याच दिवशी शाळा सुटली आणि बघतो तो समोरच्या चिंचेखाली हे फीत धरून रस्त्याची रुंदी मोजतायत. रस्ता म्युनिसिपालटीचा! मी म्हटलं, भावोजी, ही तुमची हद्द नव्हे. ते म्हणाले, सहज. दुसऱ्या दिवशी गटार तपासायला आले. तिसऱ्या दिवशी नुसतेच चिंचेआड उभे. काठी तेवढी बाहेर दिसत होती. दत्तूनं ती ओळखली, धावत गेला आणि मोठ्या माणसासारखा म्हणाला, "बाबा, तुम्ही जावा पोलादपूरला. आमचं इथं बरं हाय." आम्ही सगळे हसलो. भावोजीही हसले. मग फीत गुंडाळता गुंडाळता ती त्यांच्या हातून दोनदा सुटली.

मला वाटलं, झालं, आपली मधली खोली भरली. पण शेवटची पाहणी अजून बाकी होती. वाडीच्या देवीला कौल लावल्याशिवाय त्यांच्या घराण्यात बैलसुद्धा विकत घेत नसत. म्हणून एका सकाळी आम्ही सगळी घाटाखालच्या वाडीत गेलो. देवीच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक ओली कळी चिकटवायची, प्रश्न घालायचा आणि बसून राहायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवानं कळ्या लावल्या. भावोजींनी हात जोडून प्रश्न घातला, तो असा, की आई, पगार, हवापाणी, मुलांचं वय, शिक्षणाची भाषा आणि येण्याजाण्याचा खर्च हे सगळं विचारात घेता, मुलं महाडास ठेवणं, डोंगरातल्या शाळेत घालणं आणि पत्र्याच्या शाळेत घालणं यांपैकी काय योग्य? आम्ही बसलो. ऊन वर आलं. दत्तू पेंगला. एकही कळी हलेना. शेवटी गुरव म्हणाला, "साहेब, येवढं लांबडं नको. आईला येका दमात कळल आसं इचारा."

भावोजींनी डोळे मिटले. "आई, पोरांना बरोबर नेऊ का?"

डावी कळी टपकन पडली. एवढा झटपट कौल गुरवानंही कधी पाहिला नव्हता. अक्कानं पदराला डोळे पुसले, पण एकदाचा निकाल लागला म्हणून तिचाही जीव भांड्यात पडला. परमुलखात मुलांचे हाल होणार नाहीत, मामामामी सांभाळतील. आमच्या मंडळींनी यमूला जवळ ओढून घेतलं. मी देवीला मनातल्या मनात नारळ बोललो. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला होता.

भावोजी उठले नाहीत. पडलेल्या कळीकडे बघत त्यांनी गुरवाला विचारलं, आईची हद्द कुठवर?

गुरवाला प्रश्न कळेना. तो म्हणाला, हद्द म्हणजे शीव. खालती नदीपातुर, वरती खिंडीतल्या धोंड्यापातुर. त्याच्या पल्याड दुसऱ्या देवाचा अंमल.

"मग आफ्रिकेतली शाळा आईच्या हद्दीत येत नाय," भावोजी म्हणाले. "आईनं हद्दीबाहेरचा हुकूम दिला. तो मला लागू नाय. पोरं बरोबर येतील."

गुरवाच्या हातातलं पळीपात्र तसंच राहिलं. अक्का घाबरून म्हणाली, अहो, देवीशी वाद घालता? भावोजींनी देवीला साष्टांग नमस्कार घातला, अगदी नाक घासून, आणि बाहेर येऊन वहाणा घालू लागले.

मला राग आला. चांगलाच आला. उतरणीवर मी त्यांना गाठलं आणि जे तोंडाला येईल ते बोललो. तुम्ही मुलांना पत्र्याच्या शाळेत कुजवणार, मामा मास्तर असताना मुलांना गुजराती दुकानदाराच्या हाती देणार, आमच्या घरात त्यांना काय कमी पडलं ते तरी सांगा. भावोजी काठी टेकत चालत होते. वाटेतल्या एकाही दगडावर त्यांनी ती आपटली नाही, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"कमी कायच नाय," ते म्हणाले. "मी पण शिकायला मामाकडंच होतो. महाडला. मामा देवमाणूस, मामी त्याच्यावर ताण. कधी शिळं वाढलं नाय, कधी उणं बोलली नाय. पण शाळा सुटली का सगळी पोरं घरी जायची, नि मी मामाकडं जायचो."

उंबऱ्याला लागून मांडलेला पाट आणि कोणी उठवायच्या आत संपवलेला भात माझ्या डोळ्यांपुढे आला. थोडं खाली उतरल्यावर तेच म्हणाले, "त्या पत्र्याच्या शाळेची घंटा चाळीत ऐकू येते. कापडवाला म्हणाला. तेवढंच पाहिलं मी."

निघण्यापूर्वी त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी घाटातले गाडीवान पुढे कित्येक वर्षं एकमेकांना सांगत. नोकरीच्या अखेरच्या दिवशी भावोजी सगळे मजूर घेऊन घाटमाथ्यावर गेले, हद्दीच्या दगडापलीकडे पाऊल टाकलं आणि साताऱ्याचा तो खड्डा खडी घालून, धुमसानं ठोकून, पाणी मारून भरून काढला. मुकादम म्हणाला, साहेब, खड्डा आपला नाय. भावोजी म्हणाले, ठाऊक आहे. हा दंड आहे. आईची हद्द मोडली, तिथे सरकारच्या हद्दीचं काय घेऊन बसलास! मग पलीकडच्या बाजूनं तांब्याभर पाणी ओतून उतार पाहिला आणि समाधानानं खाली आले.

धरमतर बंदराकडे जाणाऱ्या मोटारीत बसताना यमूनं आमच्या मंडळींच्या गळ्याला मिठी मारली ती सुटेना. दत्तूनं झोपाळ्याची दोरी मागून घेतली. भावोजींनी मोटारीचं चाक काठीनं ठोकलं, मला रामराम केला, आणि कधी नव्हे ते माझ्या पाठीवर हात ठेवला. मधली खोली पुढे बरेच दिवस आम्ही उघडली नाही. मग मंडळींनी तिथे तांदळाच्या कणग्या ठेवल्या.

चारेक वर्षांनी एकदा अक्का मुलांना घेऊन येऊन गेली. यमू गुजराती आणि मराठी सारखीच फाडफाड बोलत होती, दत्तू माझ्या खांद्याला लागलेला. मी अक्काला विचारलं, पत्र्याच्या शाळेची पाहणी केली का गं त्यांनी? अक्का हसायला लागली. म्हणाली, न करून सांगतात कुणाला! पहिल्या दिवशीच दारात तांब्या ओतला. उतार अगदी उलटा. सगळं पाणी वर्गात शिरलं, मास्तरांची गादी भिजली. मी विचारलं, मग? अक्का म्हणाली, मग काय, नावं घातली. रोज दुपारी घंटा झाली की काम टाकून चाळीच्या पायरीवर येऊन उभे राहतात. पोरं मोठी झाली, लाजतात, तरी उभे राहतात.

भावोजी स्वतः परत आले नाहीत. तिकडेच एका पावसाळ्यात मोरीच्या कामावर ताप आला आणि तिकडेच गेले. मला त्यांची आठवण वर्षातून एकदा येत नाही, रोज येते, आणि तीही नेमक्या शाळा सुटण्याच्या वेळेला. इतकी वर्षं मी घंटा देत आलो, पण पूर्वी मला सगळी पोरं सारखीच दिसायची. आता दिसत नाहीत. घंटा झाली की घरी जाणारी पोरं उधळतात, पाट्या एकमेकांवर आपटत, धुरळा उडवत. मामाकडे जाणारी पोरं धावत नाहीत. ती दप्तर नीट बांधतात, टोपी नीट घालतात आणि चालत जातात. असं एखादं पोर दिसलं की मी छत्री उचलतो आणि म्हणतो, चल रे, मी पण तिकडेच निघालोय. माझं घर उलट्या बाजूला आहे, पण ते पोराला कुठे ठाऊक असतं?